कौल मिळालेलं कुलूप

मी तीस वर्षं लोकांच्या पेट्या उघडल्या आणि एकदाही आत डोकावलो नाही, असं चारचौघांत सांगायला लागलो की माझी बायको तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात निघून जाते. तिचा विश्वास नाही. पण हे खरं आहे, निदान बरंचसं. जे काही थोडं डोकावलो त्यातून शहाणा झालो, आणि एकदा अजिबात डोकावलो नाही म्हणून पुरता मामा बनलो. ती मामा बनल्याची हकीकत आज लिहून टाकतो. ज्यांच्यापासून ती लपवायची होती त्यातलं आता कुणी राहिलेलं नाही.

मालवणच्या बाजारात माझं कुलूप-किल्लीचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक टेबल, त्यावर शिकंजा, चार कानशी, एक हातानं फिरवायचं ड्रिल आणि भिंतभर खिळ्यांना टांगलेल्या किल्ल्या. कपाटं, ट्रंका, घरांचे दरवाजे, सगळंच करायचो. पण वामन मेस्त हे नाव देवगडपर्यंत पोचलं ते मोटारसायकलच्या पेट्यांमुळे. ऐंशी सालानंतर आमच्याकडे फटफटी वाढल्या. मास्तर, गुरांचे डॉक्टर, आंब्याचे व्यापारी, ज्याला त्याला मागच्या चाकाच्या बाजूला पत्र्याची पेटी हवी असायची. पेटी गॅरेजवाला वेल्डिंग करून द्यायचा आणि कुलपासाठी माणूस माझ्याकडे यायचा.

हे कुलूप बसवणं अगदी सोपं. पेटीच्या दाराला भोक पाडायचं, बाहेरून कुलूप घालायचं, आतून नट आवळायचा आणि शेवटाला जीभ लावायची. किल्ली फिरवली की जीभ फिरते आणि पेटीच्या काठाआड अडकते. काढायचं तर हेच उलट. गंमत एवढीच की नट आतल्या बाजूला असतो, म्हणजे कुलूप काढायला आधी पेटी उघडायला हवी, आणि माणूस माझ्याकडे येतो तो पेटी उघडत नाही म्हणून. मग एक तर कुलपाच्या तोंडातून ड्रिल घालायचं, नाहीतर दुसरा उपाय. तो मी गिऱ्हाइकाला कधी दाखवत नसे. आमच्या बहुतेक पेट्यांची बिजागरी बाहेरच्या अंगाला असायची. तिची सळी एका खिळ्यानं ठोकली की खाली पडते आणि दार कुलपासकट हातात येतं. हे लोकांना कळलं असतं तर माझ्या दुकानाला टाळं लागलं असतं, आणि तेही मीच बसवलेलं.

बिघाडाचं कारण शंभरात नव्वद वेळा एकच. खाऱ्या वाऱ्यानं कुलूप जरा कुरकुरलं की आमचा माणूस त्यात खोबरेल तेल सोडतो. डोक्याला खोबरेल, खरचटलं तर खोबरेल, मग कुलपानंच काय घोडं मारलं आहे? आठ दिवसांत त्यावर धूळ आणि बारीक रेती बसते, त्याची चिकी होते आणि कुलपाच्या आतल्या पत्त्या जागच्या हलत नाहीत. मी घसा कोरडा करून सांगायचो की शिसपेन्सिल घासून तिची भुकटी घाला. लोक मान डोलवायचे आणि घरी जाऊन पुन्हा खोबरेल सोडायचे.

देवबागचे एक काका होते. साठी उलटली तरी केस कोळशासारखे काळे. माक्याच्या तेलाचा गुण म्हणून सांगायचे, आणि निम्मा गाव माका उपटत फिरायचा. त्यांची पेटी अडकली.

"वामना, तू फकत उघड आणि मगे भायर जा," काका म्हणाले.

"दुकान माझा आणि भायर मी जावू?"

"मगे डोळे तरी झाक मेल्या!"

मी झाकले नाहीत. जीभ सुटली, दार धाडकन पडलं आणि रस्त्यावर कलपाच्या सात बाटल्या गडगडल्या. काकांनी माझ्याकडे जे बघितलं ते मी विसरलेलो नाही. मी एकही शब्द कुणाला बोललो नाही, आणि पुढे कित्येक वर्षं दर बुधवारी माझ्या घरी न मागता ताजे पेडवे मासे येत राहिले. पण त्या दिवसापासून मी नियम केला. जीभ सुटली, दार दोन बोटं उघडलं की आपण तोंड रस्त्याकडे फिरवायचं. गिऱ्हाईक आत काय ठेवतं ते त्याचं त्याला. या नियमानं मला मोठा मान मिळाला, आणि याच नियमानं पुढे माझी फजिती केली.

आता मुख्य भानगड. एका पावसाळ्यानंतर मी कोल्हापूरहून डझनभर कुलपं आणली. दिसायला चकचकीत, वजनाला भारी. पुढच्या काही महिन्यांत त्यातली सात बसवली. प्रत्येकाच्या हातात दोन किल्ल्या ठेवताना माझं ठरलेलं वाक्य होतं, "हेची किल्ली दुसऱ्या कोणाकडे जगात नाय." हे मी असं म्हणायचो की गिऱ्हाईक किल्ली लगेच आतल्या खिशात घालायचं.

एक दिवस गुरांचे डॉक्टर तिसरी किल्ली करून मागायला आले. मी ती घासली आणि टेबलावरच्या कुलपात घालून बघितली. फिरली. फिरल्यावर लक्षात आलं की टेबलावर आहे ते डॉक्टरांचं कुलूप नव्हेच. त्यांचं बाहेर फटफटीला होतं. हे खोक्यातलं नवं कोरं. डॉक्टर गेल्यावर मी दाराची एक फळी ओढून घेतली आणि खोक्यातली उरलेली पाचही कुलपं त्या एका किल्लीनं उघडली. डझनच्या डझन एकाच साच्यातलं! म्हणजे मालवण तालुक्यात सात माणसं एकमेकांच्या पेट्या उघडू शकत होती आणि त्यांना ते माहीत नव्हतं.

सरळ माणसानं काय केलं असतं? सातही जणांना बोलावून चूक सांगितली असती. मी सरळ आहे, पण तितका नाही. "जगात दुसरी नाय" हे वाक्य सगळ्या बाजारानं ऐकलेलं. ते खोटं निघालं तर उद्या कुणी आपल्या दाराची किल्ली माझ्या हातात देईल? कुलूपवाल्याकडे विकायला दुसरं असतं काय?

मग मी एक युक्ती केली. आठवडा बाजाराच्या दिवशी सगळ्या फटफटी रांगेत उभ्या असायच्या. झाडूची एक हीर घ्यायची, ती खोबरेलात बुडवायची, बारीक रेतीत फिरवायची आणि जाता जाता कुलपाच्या तोंडात सारायची. दोन दिवसांत गिऱ्हाईक दारात हजर. "वामना, उघाडना नाय रे." मी कपाळाला आठ्या घालून म्हणायचो, खोबरेल घातलंत ना? आणि त्यानं घातलेलं असायचंच! बिचारा ओशाळायचा. मग मी ते कुलूप काढून दुसऱ्या बनावटीचं बसवून द्यायचो, तेही फुकट, माझ्या मालाची जबाबदारी म्हणून. दीड महिन्यात सहा कुलपं बदलली. बाजारात माझ्या सचोटीचा इतका बोलबाला झाला की मला आरशात बघायची लाज वाटू लागली. वाटली, पण फार नाही.

सातवं कुलूप आप्पा गावकरांच्या पेटीला होतं. मसुऱ्याच्या पलीकडच्या एका गावचे ते मानकरी. गावाचं नाव सांगत नाही, देवी अजून तिथेच आहे. सत्तरीला आलेले, उंच, ताठ, मिशा झुपकेदार. उमेदीत दशावतारात राजाची कामं करायचे, आणि चहा मागायचा तरी दरबारात मागितल्यासारखा मागायचे. त्यांच्या देवीची जत्रा जवळ आली होती. जत्रेआधी देवीचे दागिने उजळायला मालवणच्या सोनाराकडे यायचे आणि पाच माणसं ते पायी गावी न्यायची, ही रीत. त्या वर्षी बाजारात बातमी पसरली की दागिने आप्पांच्या फटफटीवरून, त्यांच्या पेटीतून जाणार.

मी दुकानातून उठून त्यांना गाठलं.

"आप्पानू, तुमच्या कुळपाची जीभ वायच सैल वाटता. बदलून देतंय. फुकट."

आप्पांनी मान हलवली. "आता बदलूक येवचा नाय. देवीक विचारून झाला. पेटयेक ह्याच कुळूप रवतला. उजवो कौल दिल्यान."

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडे गावाचं कुठलंही काम देवाला विचारून होतं. गुरव देवाच्या अंगावर फुलाच्या पाकळ्या लावतो, गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतो आणि उजव्या बाजूची पाकळी पडली की होकार. एकदा होकार आला की त्यात माणसानं हात घालायचा नाही. आता खुद्द देवीनं माझं कुलूप पसंत केलं होतं, आणि त्याच्या जोडीच्या दहा किल्ल्या माझ्या खणात पडल्या होत्या.

"मगे परत विचारा की," मी म्हणालो.

"विचारतंय. पण गाऱ्हाण्यात कारण सांगूचा लागता. सगळ्या गावासमोर काय सांगू? तूच सांग."

मी म्हणालो, "नको, रवांदे."

आता एकच वाट उरली होती, हीर. दागिने न्यायच्या दिवशी दुपारी आप्पांची फटफट चहाच्या हॉटेलासमोर उभी दिसली. मी हिशोब केला की दागिने ते उन्हं कलल्यावर घेतील. आत्ता कुलूप अडकलं तर रिकाम्या पेटीसह माझ्याकडे येतील, आणि बंद पडलेलं कुलूप बदलायला देवीसुद्धा नाही म्हणणार नाही. इकडे तिकडे बघून मी काम उरकलं आणि दुकानात येऊन कानशी पुसत बसलो.

पाऊण तासानं गलका झाला. आप्पा फटफट ढकलत येत होते आणि मागे त्यांच्या गावची दहा-बारा माणसं. आप्पांच्या हातात किल्लीचं नुसतं डोकं होतं.

"वामना, घात झालो रे! किल्ली आत मोडली!"

"पेटी रिकामी आसा मा?" मी विचारलं.

"रिकामी कशी? सकाळीच सोनाराकडसून निघालंव नाय?"

एक म्हातारा पुढे येऊन म्हणाला, "देवीक फटफटी मानवली नाय. मी तेवाच सांगलंय." बाकीच्यांनी कानाला हात लावले. जत्रेच्या आदल्या संध्याकाळी, म्हणजे आजच, दिवेलागणीला देवीच्या अंगावर दागिने चढले नाहीत तर ओट्या सुरू होणार नव्हत्या. आणि सगळा गाव म्हणणार होता की देवी रागावली. ती रागावली नव्हती. मी रेती घातली होती.

"आप्पानू, ड्रिल मारू?"

"कौल झालेल्या कुळपाक? एक चरो पडता नये."

"दुसरी किल्ली?"

"ती देवीच्या पायाकडे ठेवली हा. थंयसून उचलूची तर परत कौल घेवक व्हयो."

बिजागरीची सळी ठोकायचा विचार मनात आला. पण समोर अख्खा बाजार जमला होता. मालवणात त्या दिवसानंतर एकही पेटी सुरक्षित राहिली नसती. आणि खणातली किल्ली काढून खटकन उघडावं, तर पहिला प्रश्न आला असता की ती तुझ्या खणात कशी? म्हणजे एका बाजूला देवीची जत्रा आणि दुसऱ्या बाजूला माझं नाव. खरं सांगून टाकायला एक वाक्य पुरलं असतं. ते माझ्या तोंडातून निघेना.

मी आत गेलो, खणातली एक किल्ली सदऱ्याच्या खिशात टाकली आणि बाहेर येऊन नाटक सुरू केलं. करवतीची दोन बारीक पाती घालून मोडका तुकडा ओढून काढला. रॉकेलनं कुलूप धुतलं, ते मात्र मनापासून, कारण घाण माझीच होती. मग कोरी किल्ली शिकंज्यात धरली आणि घासायला बसलो. घासायची, कुलपात घालायची, मान हलवायची, पुन्हा घासायची. कानाशी धरून वाजवायची. मध्येच डोळे मिटायचे. माझ्याच घामाचा मला अभिमान वाटू लागला. आप्पा माझं स्टूल घेऊन पुढ्यात बसले होते आणि पापणी न हलवता बघत होते.

"किती येळ रे?"

"देवीचा काम, आप्पानू. घाय करून चलाचा नाय."

"बरा, बरा. कोणाक काय सांगूचा असात तर सांगून घे. येळ आसा."

"माका काय सांगूचा नाय," मी म्हणालो, आणि जोरजोरात घासू लागलो.

तासाभरानं रॉकेलच्या फडक्याआड किल्ली बदलली. घातली. फिरवली. जीभ सुटली, दार दोन बोटं उघडलं आणि नियमाप्रमाणे मी तोंड रस्त्याकडे फिरवलं. मागे आप्पांचा हात पेटीत गेल्याचं ऐकलं. "आसा, आसा," ते म्हणाले आणि दार लागलं. माणसांनी मला खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. मघाचा म्हातारा तर माझ्या पाया पडायला वाकला. मी त्याला अडवलं, पण जरा उशिराच अडवलं, हे कबूल करतो.

दुसऱ्या दिवशी जत्रेला आप्पांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं आणि गाऱ्हाण्याच्या वेळी मानकऱ्यांच्या रांगेत उभं केलं. देवीच्या अंगावर दागिने झळकत होते. आप्पांनी हात जोडून खड्या आवाजात सुरुवात केली. गाऱ्हाण्यात देवीलाही 'म्हाराजा'च म्हणायचं असतं.

"बारा-पाचाच्या म्हाराजा! ह्या मालवणच्या वामन मेस्तान तुझ्या कामात हात घातलो हा..."

"व्हय म्हाराजा!" सगळा गाव गरजला.

"तेच्या हातून कळत-नकळत काय चूक झाली असात, ती पोटात घाल..."

"व्हय म्हाराजा!"

"आणि जशी कुळपा उघडता, तसा तोंड उघडूची तेका बुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठ्यानं मीच ओरडलो. काय ओरडलो ते ओरडून झाल्यावर कळलं.

चार दिवसांनी भर दुपारी आप्पा दुकानात आले, एकटेच. फटफट दारात लावली आणि स्टुलावर बसले.

"हीर बरी चालवतंस रे," ते म्हणाले. "हॉटेलातसून बघलंय मिया."

माझ्या हातातली कानस खाली पडली.

"दोन म्हयन्यापूर्वी ह्याच किल्लेन मी गुरांच्या डॉक्टरची पेटी उघडलंय. माझी समजान. आत ही एवडी सुई! तेवाच समाजलंय. मगे तू एकेकाचा कुळूप फुकट बदलूक लागलंस, तेवा तर खात्रीच झाली."

"पण आप्पानू, दागिने! तुमी म्हायत असान दागिने पेटयेत..."

"दागिने खंय होते पेटयेत? ते सकाळीच गेले. पाच माणसा, पायवाटेन, डोक्यार केळीचे घड, दर वर्सासारखे. बाजाराचे डोळे फटफटीवर रवाक व्हये होते, ते रवले."

"मगे पेटयेत काय होता?"

"नारळ. बघूचो होतो तर बघतलं होतंस. तोंड फिरवलंस तू."

"आणि कौल?"

"कौल खरो. गुरव आणि मी, दोघांनीच घेतलो. देवीचा नाव घेवन मी खोटा बोलूचंय नाय. 'म्हाराजा, ह्या कुळूप लबाड आसा, म्हणान दागिने पायी हाडतंव आणि पेटी नुसती मिरवतंव, ह्याच कुळपासकट.' उजवो दिल्यान. तुका मी अर्ध्याच सांगलंय."

"किल्ली तरी खरीच मोडली मा?"

आप्पांनी मिशीवरून बोट फिरवलं. "मीच मोडलंय. पंचवीस वर्सा नाटकात काढलंय, वामना. तुझा काम वायट नाय. डोळे मिटूचे नको होते, थंय जास्त झाला."

मला हसावं की रडावं ते कळेना. "माका आधी कित्याक सांगूक नाय?"

"तू सांगशीत म्हणान. तीनदा वाट करून दिलंय तुका. कोणी तुका खावक नसतो. चूक कोल्हापूरवाल्याची होती. रेती तेवडी तुझी."

हे ते इतकं शांतपणे म्हणाले की मला खूप लाज वाटली, अगदी शाळेत मास्तरांनी घरी पाठवल्यावर वाटायची तशी. तासभर घाम गाळून मी माझं नाव वाचवत होतो, आणि ज्याच्याकडून ते वाचवायचं होतं तो माणूस समोर स्टुलावर बसून मी बोलायची वाट बघत होता. आजही कुणी माझ्या सचोटीची स्तुती केली की मला ते स्टूल आठवतं.

"आता बदल ह्या कुळूप," आप्पा म्हणाले. "जत्रा झाली, कौल सुटलो."

मी ते कुलूप काढलं. नवं घेतलं, त्याच्या पत्त्या स्वतःच्या हातानं घासून वेगळ्या केल्या, नट आवळला, जीभ लावली, पेन्सिलीची भुकटी घातली. दोन्ही किल्ल्या आप्पांच्या हातावर ठेवल्या आणि सवयीनं तोंड उघडलं, "हेची किल्ली दुसऱ्या..."

आप्पा बघत राहिले.

"दोनच आसत," मी म्हणालो. "माका म्हायत आसत तेवड्या."

त्यांनी एक किल्ली जानव्याला बांधली. दुसरी माझ्या हातात परत ठेवली आणि माझी मूठ मिटवली.

"ही तुझ्याकडे रवांदे," आप्पा फटफटीला किक मारत म्हणाले. "नायतरी तुझ्याकडे एक असतलीच."